खाऱ्या भरावावरची हरळी आणि तिच्या मुळातली बुरशी

फेब्रुवारी संपत आला की नवी मुंबईत पामबीच रोडच्या खाडीकडच्या अंगाला, ऐरोली-घणसोलीच्या खाडीलगत, तिकडे उलव्यात, सोसायट्यांच्या लॉनवर चट्टे उठायला लागतात. आधी पात्याचं टोक करपतं, मग करपणं कडेकडेनं खाली उतरतं. शेवटी चट्ट्याच्या मधोमध माती उघडी पडते आणि तिच्यावर पांढुरकी साय धरते. माळी म्हणतो पाणी कमी पडतंय, कमिटी म्हणते खत मारा. दोन्ही केलं की चट्टा आणखी पसरतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जमीनच मुळात खारी आहे. 1970 साली सिडको आली तेव्हा या किनाऱ्याला खाजणं, भातखाचरं, मिठागरं होती. त्यावर मुरमाचा भराव पडला, भरावावर फूटभर लाल माती, आणि तिच्यावर लॉन. खालचा खाडीचा गाळ मात्र होता तिथेच आहे, आणि त्यातलं खारं पाणीही. पावसाळ्यात वरून इतकं गोडं पाणी उतरतं की मीठ खाली दबून राहतं. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो, वरची माती सुकते आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी वर चढतं. पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं.

त्यात बोअरचं पाणी. हा हिशेब प्रत्येक कमिटीनं एकदा तरी करावा. पाण्याची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, 2 डेसिसायमन प्रति मीटर असेल तर एका लिटरमध्ये साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात. रोज चौरस मीटरला पाच लिटर पाणी दिलं, तर जानेवारी ते मेच्या 151 दिवसांत त्या एका चौरस मीटरवर जवळपास किलोभर क्षार आपण स्वतःच्या हातानं ओततो. दोनशे चौरस मीटरच्या लॉनला पन्नास किलोची चार पोती.

मीठ गवताला तीन बाजूंनी घेरतं. पहिली बाजू तहानेची. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढून घ्यायला जास्त जोर लागतो, म्हणून माती ओली असूनही गवत कोमेजतं. माळ्याची फसगत होते ती इथेच. दुसरी बाजू विषाची. सोडियम आणि क्लोराइड पानात साठत जातात, आणि पाणी जिथून सगळ्यात शेवटी उडतं त्या टोकाला सगळ्यात जास्त. तिसरी बाजू उपासमारीची. सोडियम हा पोटॅशियमचा तोतया आहे. मुळाच्या ज्या दारांतून पोटॅशियम आत जायचं, तिथून हाच घुसतो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तोही अशा मातीत मुळापर्यंत नीट पोचत नाही.

बुरशी कामाला येते ती प्रामुख्यानं तिसऱ्या बाजूवर, आणि तिथून थोडीफार पहिल्या दोन्हींवर. ती मीठ खात नाही, मातीतलं मीठ कमीही करत नाही. बाजारातल्या बुरशीच्या पाकिटावर तसं लिहिलं असेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्या.

या बुरशीला मायकोरायझा म्हणतात. गवताच्या मुळात असते ती तिची आर्बस्क्युलर जात. हिचं आणि वनस्पतींचं नातं चाळीस कोटी वर्षांहून जुनं आहे. हरळी, भात, ज्वारी, वाळा या सगळ्यांच्या मुळांत ती राहू शकते. बारीक मूळ स्वच्छ करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर पेशींच्या रांगांमधून निळे धागे धावताना दिसतात. मधूनच एखाद्या पेशीत धागा शिरतो आणि फांद्यांवर फांद्या फुटून पेशीभर इवलंसं झाड उभं राहतं. देवाणघेवाण होते ती या झुडपात. गवत साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं, बुरशी स्फुरद, पोटॅशियम, पाणी देते. बाजूला लंबगोल फुगेही दिसतात. ते बुरशीचं तेलाचं कोठार.

मुळाबाहेरचे धागे दोन ते दहा मायक्रॉन जाडीचे असतात. मुळाच्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा स्फुरदाच्या बाबतीत लवकर रिकामा होतो, कारण स्फुरद मातीत फार हळू सरकतो. धागे तो पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पलीकडे जातात आणि मुळाच्या केसालाही शिरता येणार नाही अशा फटीतून माल आणतात. आणताना निवडही करतात: पोटॅशियम आणि कॅल्शियम जास्त, सोडियम त्यामानानं कमी. जो सोडियम येतो त्यातला बराच मुळातच अडकून राहतो, पानापर्यंत कमी चढतो. खाऱ्या मातीत गवत तगणार की नाही हे ठरवणारा आकडा म्हणजे पानातलं पोटॅशियमचं सोडियमशी असलेलं प्रमाण, आणि बुरशी तोच आकडा सावरते. शिवाय गवताच्या पेशीत प्रोलिन आणि साखरेसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ वाढतात, आणि मिठाच्या ताणात तयार होणारे घातक ऑक्सिजन-रेणू निकामी करणारी विकरं जास्त जोमानं काम करतात. धाग्यांच्या जाळ्यानं मातीचे कण एकत्र बांधले जातात. खाऱ्या चिकणमातीत निचऱ्यासाठी तेही मोलाचं.

मायकोरायझा एकटी नाही. 1998 साली राजस्थानच्या थर वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांजवळून सापडलेल्या एका नव्या बुरशीचं वर्णन प्रसिद्ध झालं, पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका; आता तिला सेरेंडिपिटा इंडिका म्हणतात. 2005 मध्ये तिच्यामुळे बार्ली, म्हणजे सातू, मिठाला जास्त तोंड देऊ लागल्याचं दाखवलं गेलं. ती प्रयोगशाळेत नुसत्या खाद्यावर वाढते, तिला जिवंत मुळाची गरज नाही. मायकोरायझाचं तसं नाही, मूळ नसेल तर तिचं जीवनचक्र पुरंच होत नाही. म्हणून ती कुठल्या ना कुठल्या मुळावरच वाढवावी लागते, आणि म्हणूनच महाग पडते.

मला मात्र सगळ्यात बोलका वाटतो तो अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या वाळूतल्या गवताचा दाखला. 2008 साली मांडला गेलेला. त्या गवताच्या आत एक फ्युझेरियम बुरशी राहते. ती काढून टाकली तर किनाऱ्याचं ते गवत समुद्राच्या मिठापुढे टिकत नाही. त्याहून पुढची गोष्ट अशी की तीच जात खाऱ्या जागेऐवजी दुसरीकडून आणून घातली, तर मिठाविरुद्ध काही उपयोग होत नाही. जात तीच, पण जिथे वाढली तिथलं शहाणपण वेगळं. मायकोरायझाच्या बाबतीतही खाऱ्या मातीतलं वाण खाऱ्या मातीत सरस ठरल्याचे प्रयोग आहेत. बाजारातल्या पाकिटापेक्षा तुमच्याच आवारात मार्चमध्ये जिवंत राहिलेल्या हरळीच्या मुळाखालची माती कितीतरी मोलाची असू शकते, ती यामुळे.

आता हाताचं काम. सुरुवात मोजण्यापासून. वरच्या पंधरा सेंटिमीटरमधली माती चार-पाच ठिकाणांहून घ्या, सावलीत वाळवा, कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. 20 ग्रॅम मातीत 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घाला, मधून मधून अर्धा तास हलवा, मग तासभर निवळू द्या आणि वरच्या पाण्यात ईसी मीटर बुडवा. घरातल्या प्युरिफायरचं पाणी वापरणार असाल तर आधी त्याचीच ईसी घ्या आणि वजा करा. मीटर 1413 मायक्रोसायमनच्या प्रमाणित द्रावणात जुळवून घ्या. न जुळवलेला मीटर बेधडक चुकीचा आकडा दाखवू शकतो. आलेला आकडा पातळ द्रावणाचा आहे. मुळांना जाणवणारा खारटपणा काढायला भारी चिकणमातीत त्याला साधारण सहा ते आठनं गुणायचं. मुरमाड, वाळूसर मातीत गुणक याच्या दुपटीच्या आसपास जातो.

मीटरवर 1.5 दिसलं आणि माती चिकण असली, तर खरा खारटपणा दहाच्या घरात. 4 च्या वर जमीन खारी समजतात. हरळीची वाढ 6.9 पर्यंत घटत नाही, पुढे प्रत्येक डेसिसायमनमागे साधारण 6.4 टक्के घटते. 12 ला तिची एक तृतीयांश वाढ गेलेली असते. भाताची मर्यादा 3 लाच संपते आणि पुढची घसरण जवळपास दुप्पट वेगानं होते. माझा ढोबळ हिशेब असा: 4 ते 10 च्या पट्ट्यात बुरशीचा पैसा वसूल होतो. त्याच्या वर आधी मीठ धुवायचं, मग बुरशी. 15 च्या पुढे हरळीचा हट्ट सोडून किनारी पास्पालमसारखं मीठ सोसणारं गवत बघायचं, कारण इतक्या खारटपणात बुरशीचे बीजाणूसुद्धा धड रुजत नाहीत.

सोबत बाटलीची चाचणीही करा. मातीचं वाळलेलं ढेकूळ स्वच्छ पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. भोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि ते दुसऱ्या दिवशीही निवळलं नाही, तर माती नुसती खारी नाही, सोडियमनं चोपण झाली आहे. तिथे प्रयोगशाळेतून तपासणी करून जिप्सम घालावं लागेल. निचराच नसलेल्या मातीत बुरशी गुदमरते, तिलाही हवा लागते.

धुण्याचं काम आपल्याकडे पाऊस करतो. ढोबळ नियम असा आहे की फूटभर मातीतून फूटभर पाणी खाली गेलं की सुमारे ऐंशी टक्के मीठ उतरतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकटा जुलै त्याहून जास्त बरसतो. अट एकच, पाणी खाली जायला हवं. वरून वाहून गेलेलं पाणी मीठ नेत नाही. मेच्या अखेरीस लॉनला काट्यानं दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडून ठेवली, तळाशी गाळ तुंबलेल्या नाल्या मोकळ्या केल्या की अर्धं काम झालं.

म्हणजे बुरशी घालायची वेळ आपोआप ठरते: जुलैची अखेर ते ऑगस्ट, पावसाची उघडीप आणि मातीला वाफसा असताना. तेव्हा मीठ सगळ्यात कमी असतं, बुरशी बिनधास्त रुजते, आणि मीठ वर यायच्या आधी तिला जाळं पसरायला चार-पाच महिने मिळतात. मार्चमध्ये चट्टे दिसल्यावर पाकीट आणून टाकणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

मार्चमध्ये करायचं काम वेगळं आहे: पुढे लॉनमध्ये घालायचा बुरशीचा माल तयार करणं. चट्ट्याच्या कडेला जी हरळी हिरवी आहे, तिच्या मुळासकट दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीची माती घ्या. कांदळवनात मात्र खुरपं घेऊन जाऊ नका. तिथे कायद्याचं संरक्षण आहे, आणि खाऱ्या दलदलीतल्या जाड, रसाळ पानांच्या झुडपांखाली ही बुरशी तशीही तुरळकच असते. आणलेल्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी एकूण एक वेचा. एक जरी राहिली तरी पुढची दोन वर्षं लॉनमधून लव्हाळा उपटत बसाल. मुळं सेंटिमीटरभर तुकडे करून परत मातीत मिसळा.

एक भाग ही माती आणि दोन भाग निर्जंतुक केलेली जाड वाळू. क्रश सँड चालते, पण तिची भुकटी धुऊन टाका, नाहीतर कुंडीत सिमेंटसारखा थर बसतो. वाळू ओली करून प्रेशर कुकरमध्ये तासभर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. पाच-सहा लिटरच्या कुंडीत हे मिश्रण भरून ज्वारीचे दहा-बारा दाणे पेरा, उगवल्यावर पाच-सहा ठेवा. दर पंधरा दिवसांनी लिटरला अर्धा ग्रॅम युरिया आणि चिमूटभर सल्फेट ऑफ पोटॅश मिसळलेलं पाणी, कुंडीला 100 मिलिलिटर. स्फुरद अजिबात नाही. पहिल्या महिन्यात ज्वारीची पानं जांभळट पडतात आणि मन चलबिचल होतं. पडू द्यावीत. स्फुरदाची भूक लागल्याशिवाय ज्वारी बुरशीला दार उघडत नाही. बुरशी बसली की नवी पानं हिरवी येतात, आणि तीच पहिली खूण.

पाचव्या आठवड्यापासून पाण्यात लिटरला एक ग्रॅम मीठ, सातव्यापासून दोन ग्रॅम. दोन ग्रॅमचं पाणी साधारण 4 डेसिसायमनचं होतं. ज्वारी ते सोसते, आणि गोड्या मातीतली नाजूक वाणं मागे पडतात. कुंडीला तळाशी भोक हवंच, नाहीतर मीठ साचत जाऊन ज्वारीच मरते. नव्वद दिवसांनी पाणी बंद, ताटं जमिनीलगत कापा, कुंडी दहा दिवस सावलीत सुकू द्या. झाड वाळताना बुरशी घाईनं बीजाणू भरते. मग मुळं बारीक चिरून त्याच वाळूत मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा होणार नाही इतकं कोरडं झालं की कापडी पिशवीत भरून गार जागी ठेवा. मार्चअखेरीस भरलेली कुंडी जुलैच्या सुरुवातीला तयार होते. चौरस मीटरला 100 ग्रॅम धरले तर दोनशे चौरस मीटरला वीस किलो, म्हणजे अशा तीन कुंड्या.

विकतचं घ्यायचं तर ग्रॅममागे प्रोपॅग्यूल, म्हणजे ज्यातून बुरशी रुजू शकते असे कण, किती ते बघा, शंभर तरी हवेत, आणि उत्पादनाची तारीख बघा. दुकानाच्या काचेत उन्हात तापलेलं पाकीट नको.

घालायची जागा म्हणजे मुळाखाली. नवीन लॉन ठोंब लावून करत असाल तर दहा-दहा सेंटिमीटरवर भोक, भोकात चिमूट, वर ठोंब. तयार लॉनचं कार्पेट आणणार असाल तर वाफ्यावर माल पसरून, दाताळ्यानं दोन सेंटिमीटर मातीत मिसळून, लगेच वर गुंडाळी अंथरायची. जुन्या लॉनमध्ये आठ-दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडून खराट्यानं माल आत लोटायचा. नुसता वर भुरभुरलेला माल पहिल्या सरीत गटारात जातो किंवा उन्हात मरतो.

नंतर बुरशी मारली जाते ती बहुतेक माळ्याच्या चांगल्या हेतूनं. डीएपी खतामध्ये 46 टक्के स्फुरद असतं. तो दर महिन्याला फेकला की गवताला बुरशीची गरजच उरत नाही आणि ते तिचं रेशन बंद करतं. एसटीपीचं, म्हणजे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचं, पाणी वापरत असाल तर त्यातूनही स्फुरद येतच असतो. पावसाळ्यात डाग दिसले म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली तर रोगाच्या बुरशीबरोबर हीसुद्धा जाते. पोटॅश द्यायचं तर म्युरेट नको, त्यात क्लोराइड आहे, सल्फेट द्या. कापणी चार-पाच सेंटिमीटरवर. टक्कल केलेल्या गवताकडे स्वतःपुरतीच साखर नसते, बुरशीला कुठून देणार? आणि पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदाच, खोल जाईल इतकं. रोजचं शिंपणं मीठ वरच्या पाच सेंटिमीटरमध्येच कोंडतं, आणि तिथेच मुळं असतात.

ट्रायकोडर्मा ही आणखी एक उपयोगी बुरशी हवी असेल तर एक किलो पूड शंभर किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल ठेवून, सावलीत आठवडाभर झाकून मग टाका. ती मुळं वाढवते, मूळकूज आवरते, मिठाच्या ताणातही थोडी मदत करते. मायकोरायझा रुजायला तीन आठवडे देऊन मग घातलेली बरी.

पनवेल-उरणच्या खारजमिनीतल्या भाताबद्दल थोडक्यात. भात हेही गवतच, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल 1, 2, 3 ही वाणं खाऱ्या खाचरासाठीच आहेत. बुरशी त्या वाणांची जागा घेत नाही. शिवाय साचलेल्या पाण्यात ती फारशी पसरत नाही, म्हणून खाचरात टाकणं वाया. घालायची तर रोपवाटिकेत, पेरताना. राब, म्हणजे रोपवाटिकेची जागा, भाजल्यावर वरचा थर तापून त्यातली बुरशी मरते, तेव्हा राख गार झाल्यावर आणि माती ओली झाल्यावरच.

आता खरंच लागली का, हे बघायचं. लावल्यावर सहा-सात आठवड्यांनी बारीक, फिकट मुळं घ्या, धुवा. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाच-सात मिनिटं उकळा. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे द्रावण कातडी जाळतं. तीन-चारदा पाण्यात धुवा. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 टक्के काळी फाउंटन पेनची शाई घालून तीन मिनिटं उकळा, आणि व्हिनेगरचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शंभरपट मोठं करून सेंटिमीटरभर लांबीचे शंभर तुकडे तपासा. तीस-चाळीस तुकड्यांत धागे, झुडपं किंवा फुगे दिसले तर बरं चाललंय. पाच-सातच दिसले तर आधी डीएपी आणि फवारणीची वही तपासा.

एक चौरस मीटरचा तुकडा मात्र सुरुवातीलाच वेगळा राखून ठेवा. तिथे तोच माल, पण कुकरमध्ये उकडून मेलेला घाला, कारण वाळूतल्या खताचा फायदा बुरशीच्या नावावर जमा व्हायला नको. चार खुंट्या, सुतळी, आणि माळ्याला सांगून ठेवा की ती काढायची नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही तुकड्यांची ईसी घ्या आणि हिरवा भाग मोजा. ईसी सारखीच येईल. बघायचंय ते इतकंच, की तेवढ्याच मिठात कुठल्या तुकड्यातली पाती टोकापर्यंत हिरवी राहिली.